मी वाचून दाखवलेलं पत्र

मी समाजशास्त्र शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात वर्ग गच्च भरलेला असायचा. फळ्यावर लिहिताना माझी पाठ असली तरी कुणाचं लक्ष उडालंय ते मला कळायचं. पुढं पंधरा-सोळा वर्षांनी कॉलेजनं नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ऑनलाइन वर्ग काढले आणि मला एका बंद खोलीत, कॉम्प्युटरवर चिकटवलेल्या छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. दर रविवारी सकाळी गारगोटीच्या केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांना मी पडद्यावर दिसायची. तिकडचा आवाज मला ऐकू यायचा, माणसं दिसायची नाहीत.

समोर कुणीच नाही म्हटल्यावर मी नोट्स वाचायला लागले. दोन महिने नुसत्या नोट्स वाचल्या. गारगोटीचं केंद्र एक निवृत्त शिक्षक सांभाळायचे, त्यांना मी गुरुजी म्हणायची. एका रविवारी वर्ग संपल्यावर त्यांचा फोन आला.

"बाई, तुमचं शिकवणं चांगलंच हाय," ते म्हणाले, "पण हितं निम्मी माणसं झोपत्यात."

मला आधी राग आला, मग लाज वाटली. येणारी माणसं कोण आहेत हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते त्यांनीच सांगितलं. कुणी कागलच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तसंच येऊन बसायचं, कुणी पहाटे धारा काढून, दूध डेअरीला घालून यायचं. मग मी प्रत्येकाला एक पत्र लिहायला सांगितलं. तुम्ही कोण, दिवसभर काय करता, कशासाठी शिकताय, एवढंच. गुरुजींनी पत्रांचा गठ्ठा ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिला. मी एक वही केली, त्यात प्रत्येकाला एक पान दिलं. पुढच्या रविवारी धड्याआधी एकाला नावानं हाक मारून विचारलं, पाळी बदलली का. दुसऱ्याला विचारलं, म्हैस व्याली का. तिकडून हसण्याचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

त्या पत्रांत एक पत्र तिशीतल्या एका बाईचं होतं. गारगोटीजवळच्या एका खेड्यातली. दहावीनंतर लगेच लग्न झालेलं. आधी ती वर्गात बोलायचीच नाही. मी नावानं विचारायला लागल्यावर बोलू लागली. कुटुंबात निर्णय कोण घेतं, असं मी एकदा विचारलं. सगळे म्हणाले, वडील. ती म्हणाली, "कशाचा निर्णय, बाई? म्हस विकायची तर मामंजी ठरवत्यात. मीठ कधी आणायचं ते मी ठरवती." वर्ग हसला, मीही हसले. ते वाक्य मी तिच्या पानावर लिहून ठेवलं. त्यानंतर रविवारी मी तिच्या आवाजाची वाट बघायला लागले, हे खरं आहे.

मग कुटुंब आणि शिक्षण हा धडा आला. पुस्तकातली उदाहरणं मला फार कोरडी वाटली. आदल्या दिवशी मी तिचं पत्र काढून ठेवलं आणि रविवारी वर्गात त्यातला एक भाग वाचून दाखवला. तिनं लिहिलं होतं, 'रविवारी शिवणाच्या क्लासला जाते असं घरी सांगितलं आहे. पिशवीत वर कापड असतं, खाली पुस्तक. पास झाले की मग सांगणार आहे. नापास झाले तर हसतील.'

मी तिचं नाव घेतलं नाही, गावाचंही नाही. एवढी काळजी पुरे, असं मला मनापासून वाटलं. आपल्याला कुणीतरी इतक्या विश्वासानं लिहितं, याचा थोडा अभिमानही त्या वाचण्यात होता. वाचून झाल्यावर केंद्रात सगळं गप्प झालं. माणसं हेलावली असतील, असं मी समजले.

पुढच्या रविवारी मी तिला हाक मारली तर उत्तर आलं नाही. वर्गानंतर गुरुजींनी सांगितलं. वर्गात तिच्या भावकीतला एक जण होता. शिवणाच्या क्लासवरून त्यानं ओळखलं आणि घरी गंमत म्हणून सांगितलं. चार दिवसांत गावभर झालं. मग तिचा नवरा केंद्रावर आला, पुस्तकं आणि ओळखपत्र टेबलावर ठेवून गेला. भांडला नाही.

मी एसटीनं गारगोटीला गेले आणि गुरुजींना घेऊन तिच्या घरी गेले. सासूबाईंनी सतरंजी अंथरली, बसा म्हणाल्या. ती चहा घेऊन आली. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं मला वर्षभर पाहिलेलं होतं. मी सगळा दोष माझ्याकडे घेतला, तिला परत पाठवा म्हणून विनवलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"शिकायला आमी नको म्हनलो नसतो, बाई," त्या म्हणाल्या. "पण गावानं आधी ऐकलं आणि घरानं मागनं. आता कुठल्या तोंडानं धाडायचं?"

मी कप खाली ठेवून उठले.

निघताना ती दारापर्यंत आली. मी तिची माफी मागितली, नाव घेतलं नव्हतं हेही म्हणाले. ते म्हणायला नको होतं.

"तुमी नाव घेतलं न्हाय, ते खरं हाय," ती म्हणाली. "पण बाई, मी ते तुमालाच लिवलं हुतं."

एवढं बोलून ती आत गेली. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, कुणी गेलं का घरात. मी नाही म्हणाले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या वर्षीचं तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. गुरुजींनी ते शेवटचा पेपर होईपर्यंत ड्रॉवरमध्ये सांभाळून ठेवलं. ती आली नाही. मी तिला दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि दोन्हीदा फाडलं. ते घरात कोण उघडेल, ही भीती मला आता कळत होती. मी शिकवणं सोडलं नाही. पत्रं अजूनही मागवायची. फक्त ज्यानं मला जे लिहिलं, त्याचं उत्तर त्याला एकट्याला द्यायची. ज्यांना घरी फोन केलेला चालायचा त्यांना फोनवर, नाहीतर उत्तरपत्रिकेच्या समासात दोन ओळी लिहून.

दोन वर्षांनी माझा वर्ग रंगतो म्हणून कॉलेजनं मलाच नव्या शिक्षकांना शिकवायला बोलावलं. हाक कशी मारायची, वही कशी ठेवायची, न दिसणाऱ्या माणसाला प्रश्न कसा विचारायचा, सगळं मी सांगितलं. शेवटी एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, अशी पत्रं वर्गात वाचून दाखवली तर इतरांना हुरूप येईल ना?

मी नको म्हणाले. ती पेन हातात धरून कारण ऐकायला थांबली होती. मी दोनदा बोलायला सुरुवात केली, पण कारण सांगायचं म्हणजे ते पत्र पुन्हा चारचौघांत वाचण्यासारखंच होतं; मला सांगता आलं नाही.