जागेवर नसलेला रेडिओ

आमच्या वाचनालयाच्या रेडिओच्या लायसन्सवर एक अट स्पष्ट छापलेली होती: सेट ज्या पत्त्यावर नोंदला आहे, तिथून परवानगीशिवाय हलवायचा नाही. ही अट मी कार्यकारिणीला किती वेळा वाचून दाखवली असेल, देव जाणे. सगळे माना डोलवायचे आणि पुढच्याच आठवड्यात रेडिओ टांग्यात बसून कुणाच्या तरी घरी निघालेला असायचा.

ही मध्य भारत राज्याच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट. बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय होतं. सभासद बहुतेक जुन्या दरबारी नोकरीतली मराठी मंडळी. संस्थान विलीन झालं तरी त्यांचा रुबाब काही विलीन झाला नव्हता. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि वाचनालयाची सहचिटणीस होते. म्हणजे इंग्रजीत अर्ज लिहायचे, पोस्टात खेपा घालायच्या आणि दोन्हीकडची बोलणी खायची. हारतुरे अध्यक्षांच्या वाट्याला जात.

गल्लीत रेडिओ फारसे कुणाकडे नव्हते. कुणी आजारी पडलं की वाचनालयाचा रेडिओ त्याच्या उशाशी नेऊन ठेवायचा, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली होती. गोधडीत गुंडाळून, एरियलच्या तारेसकट. पुढे ते आजाऱ्यापुरतं राहिलं नाही. बारसं असलं की रेडिओ जायचा, मुलगी बघायला पाहुणे येणार असले तरी जायचा, कारण दिवाणखान्यात रेडिओ असला की घर बरं दिसतं. मी विरोध केला की आमचे ग्रंथपाल म्हणायचे, "नाही कसं म्हणणार, ताई? उद्या आपल्या घरीही काही होईल."

लायसन्स तपासणारे इन्स्पेक्टर पहिल्यांदा आले तेव्हा टेबल रिकामं होतं. दुसरं कुणी असतं तर दुरुस्तीला दिलाय म्हणून मोकळं झालं असतं. आमचे ग्रंथपाल म्हणाले, "रेडिओ इथे नाही आहे, साहेब, पण चला ना, दाखवतो. पास में ही है." आणि स्वतः पुढे होऊन त्यांना घेऊन गेले. टायफॉइडमधून उठलेले एक गृहस्थ पलंगावर पडून भजन ऐकत होते. इन्स्पेक्टरांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, चिवडा मिळाला. त्यांनी सेटच्या पाठीवरचा नंबर पाहिला, वहीत लिहून घेतला आणि नमस्कार करून गेले. ग्रंथपाल खुशीत परत आले. "बहुत सज्जन आदमी आहेत, चहा घेतला," असं त्यांनी मला सांगितलं.

दुसऱ्या वेळी रेडिओ एका सत्यनारायणाला गेला होता, तर तिथे इन्स्पेक्टरांच्या हातावर प्रसाद ठेवला गेला. तिसऱ्या वेळी केळवण होतं. जुन्या राज्यात ज्याच्या घरी चहा घेतला त्याच्याविरुद्ध कुणी कागद करत नसे, असं आमच्या अध्यक्षांचं ठाम मत होतं. हे इन्स्पेक्टर बाहेरगावाहून बदलून आलेले. त्यांनी दर वेळी चहाही घेतला आणि कागदही केला.

लायसन्स दर वर्षी पोस्टातून नवं करून घ्यावं लागे. त्या वर्षी खिडकीवरच्या बाबूने आमचा अर्ज परत सरकवला. वारंवार अटी मोडल्यामुळे नूतनीकरण थांबलं होतं. आधी इन्स्पेक्टरांची मंजुरी आणा, तोवर सेट लावायचा नाही, असं तो म्हणाला. मी रेडिओवर टेबलक्लॉथ घालून ठेवला. त्या काळात मात्र तो जागचा हलला नाही, कारण मुका रेडिओ कुणाला हवा होता?

पुरुषांचं काही अडलं नाही. बातम्या ऐकायला चहाची हॉटेलं होती. बंद पडला तो बायकांचा दुपारचा तास. पुरुष नसायचे त्या वेळात गल्लीतल्या बायका वाचनालयात सतरंजीवर बसून महिलांचा कार्यक्रम ऐकत. माझी आई एक दिवस चुकवत नसे. स्वयंपाक, धुणं, झाकपाक सगळं आटोपून, धुतलेलं पातळ नेसून ती यायची. घराबाहेर पडायला तिला तेवढंच एक कारण होतं. वडिलांनी घरात रेडिओ येऊ दिला नव्हता, मुलांचे अभ्यास बिघडतात म्हणत. आमचे अभ्यास संपूनही बरीच वर्षं झाली होती.

आणि नेमकं तेव्हाच मला रेडिओ केंद्रातून बोलावणं आलं. केंद्र शहरात नुकतंच सुरू झालं होतं. महिलांच्या कार्यक्रमात हिंदीतून भाषण करायचं, विषय उन्हाळ्याची बेगमी. तेव्हा अशी भाषणं थेट हवेत जायची. तुम्ही बोलायचं, त्याच क्षणी लोकांनी ऐकायचं, की संपलं. मला बेगमीतलं काय कळत होतं? सगळं आईला विचारून लिहिलं. चिंचेला मीठ केव्हा लावायचं, कुरडयांचा चीक शिजला हे कसं ओळखायचं, गव्हात कडुलिंबाचा पाला किती घालायचा. ती पोळ्या लाटता लाटता सांगायची आणि मी त्याची हिंदी करत बसायची. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "मग वाचनालयातला रेडिओ तोवर सुरू होईल ना गं? मला ऐकायचंय."

"होईल," मी म्हणाले. त्या एका शब्दापायी पुढे माझ्या चपला झिजल्या.

इन्स्पेक्टर भले होते. त्यांनी समोरची फाईल माझ्याकडे वळवली. "देखिए बहनजी, आपकी संस्था का रेडियो मैंने आज तक संस्था में देखा ही नहीं. आप लोग बड़े अच्छे लोग हैं. मुश्किल यही है." सेट जागेवरून हलणार नाही असं हमीपत्र हवं, त्यावर अध्यक्षांची सही हवी, मग ते मंजुरी देणार होते. मी घरी येऊन हमीपत्र लिहिलं, कार्यकारिणीपुढे मराठीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलवल्या.

अध्यक्षांनी मात्र सही करायला साफ नकार दिला. "मी? हमी? अगं, माझ्या नुसत्या शब्दावर दरबारात कामं होत. त्यांना घरी चहाला बोलावतो, फिर देखना."

"चहा नको आहे, सही हवी आहे," मी म्हणाले.

"तू अजून लहान आहेस, बेटा. कामं माणसांनी होतात, कागदांनी नाही."

त्यानंतर ते ग्वाल्हेरला गेले. मग आले आणि विश्रांती घेत होते. मग पाहुणे होते. पलासियाला त्यांचा बंगला, तेव्हा तो भाग गावाबाहेरच वाटायचा. शाळा सुटल्यावर उन्हातून तिथवर जायचं आणि व्हरांड्यात बसून परत यायचं. इतका वैताग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नसेल. इतकं साधं काम, आणि ते अडवणारा प्रत्येक जण माझ्याशी गोडच बोलत होता. कुणी वाईट वागलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

शेवटी एकदा न राहवून मी अध्यक्षांना सांगितलं की माझं रेडिओवर भाषण आहे आणि लायसन्स नसलं तर आपल्या गल्लीत ते कुणाला ऐकायला मिळणार नाही. त्यांचा चेहराच बदलला. "आपल्या वाचनालयाची मुलगी रेडिओवर? आधी नाही का सांगायचं?" त्यांनी तिथल्या तिथे सही केली. भाषणाच्या आदल्या दिवशी लायसन्स हातात पडलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "अब वहीं रखिएगा." मी टेबलक्लॉथ काढला, रेडिओ लावून पाहिला, आईला बोलावून आवाज ऐकवला आणि त्या रात्री गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात लाल दिवा लागला आणि मी बोलले. पहिल्याच वाक्याला अडखळले तेव्हा सतरंजीवर पुढे सरकून बसलेली आई डोळ्यांपुढे आणली, मग सुरळीत झालं. बाहेर आले तर ग्रंथपाल टांगा घेऊन उभे. "चला ताई, सगळे वाट बघत आहेत." मी चढले. टांगा बड्या गणपतीकडे वळायच्या ऐवजी पलासियाकडे निघाला.

अध्यक्षांच्या दिवाणखान्यात गालिचा अंथरलेला, कार्यकारिणी कोचांवर बसलेली, आणि मधल्या तिपाईवर आमचा रेडिओ, गळ्यात मोगऱ्याचा गजरा घातलेला. मला पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वाह बेटा, एकेक शब्द साफ आला," अध्यक्ष म्हणाले. "तिथे त्या खोलीत पंखा नाही, काही नाही. म्हटलं, आज तरी नीट बसून ऐकू. तुझ्याच कौतुकासाठी आणवला."

"आणि बायका? त्या कुठे ऐकत होत्या?"

"त्यांना निरोप द्यायचा राहिलाच, ताई," ग्रंथपाल हळूच म्हणाले.

"तुम्ही हमीपत्रावर सही केली आहे," मी अध्यक्षांना म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"ती तर साहेबांसाठी होती, बेटा," ते प्रेमाने म्हणाले आणि माझ्यापुढे बशी सरकवली. मला त्यांचा जो राग आला तो आजही गेलेला नाही. बशीला हात न लावता मी उठले.

वाचनालयात पोचले तेव्हा बाकीच्या बायका दुपारच्या चहासाठी घरी गेल्या होत्या. आई एकटीच सतरंजीवर बसली होती, रिकाम्या टेबलाकडे तोंड करून. लग्नकार्यात नेसायचं पातळ नेसली होती.

"तुझं झालं नाही का गं आज? इथे रेडिओच नव्हता."

"झालं."

"सगळं बोललीस? चिकाचंही?"

"सगळं."

"मग पुन्हा कधी लावतील?"

"पुन्हा नाही लावत, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि उठून सतरंजीची घडी घालायला लागली.