कपाशीतलं शेवटचं रीळ

त्या चोरीची आठवण निघाली की आजही आधी माझी नाकाबंदीच डोळ्यांपुढे येते. कपाशीला नुकतेच कोंब फुटलेले, आणि मी मेहकर रस्त्यावर खताच्या गाड्या अडवून सिनेमाचं रीळ शोधत होतो. "साहेब, थैलीत युरिया हाय, हिरोईन नाही," एक जण म्हणाला. माझे हवालदार तोंड फिरवून हसले.

तक्रारदार म्हणजे गावातल्या बंद टॉकीजचे मालक. सगळे त्यांना चाचा म्हणत. एका जुन्या, कृष्णधवल सिनेमाची रिळं त्यांनी घरात डब्यांतून जपली होती. सीडीवर पिक्चर पाहणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तो रविवारी मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. रविवार फसला तर टॉकीज कापसाच्या गोदामाला द्यायची, असं त्यांच्या मुलांनी बजावलं होतं. आणि नेमका शेवटचा डबा गायब! "शेवट नाही दाखवला तर पोरं खुर्च्या तोडतीन साहेब," चाचा म्हणाले.

खबर शनिवारी सकाळी एका एसटी कंडक्टरने दिली. उंद्रीच्या शिवारात एका वावराभोवती काळी फीत बांधलेली दिसते.

गेलो. खुंट्याखुंट्यांना सिनेमा गुंडाळलेला.

"चोरीचा माल वावरात कायले लावला बे?" मी वावराच्या मालकाला दरडावलं.

"चोरीचा? भंगारवाल्यापासून घेतला साहेब! बीटीचं बी किती महाग, अन् रानातले रोही कळपानं येऊन कोंब खाऊन राह्यले. फीत फडफडली का पयतीन म्हटलं."

"मग पळाले का?"

"नाही ना. एक तर पाहत उभा होता."

भंगारवाल्याला ठाण्यात आणलं. बाकावर चाचा बसलेले. त्यांना पाहताच गड्यानं मान खाली घातली. स्वतःला वाचवणारा माणूस फार बोलतो; दुसऱ्याला वाचवणारा जमिनीकडे पाहतो. मी चाचांना चहाला पाठवलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "चाचीनंच देलं साहेब."

चाचीच्या स्वयंपाकघरात तो गोल डबा पापडांनी भरलेला होता. "आतल्या फितीले आंबूस वास येत होता," ती म्हणाली, "मले वाटलं नासली."

चाचा आधी लाल झाले, मग हसत सुटले. "लिहा साहेब, तक्रार गैरसमजातून होती. बायकोवर केस केली तर जेवू कुठं?"

रविवारी, वावरातून सोडवून जोडलेल्या शेवटच्या रिळात पडद्यावर रेघाच रेघा होत्या. पोरांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग चिडीचूप झाली. एकही जण मधूनच उठला नाही. बाहेर पडताना पोरं विचारत होती, "चाचा, पुढचा पिक्चर कधी?" गोदामाचा विषय चाचांच्या मुलांनी पुन्हा काढला नाही.

या प्रकरणानंतर मी चोर शोधायला रस्त्यावर धावण्याआधी घरातल्या माणसांशी बोलू लागलो. हे शहाणपण त्याच रविवारी टॉकीजमधून सोबत घरी परतताना बायकोला ऐकवलं: घरातल्यांशी बोललो तेव्हाच केस सुटली. ती म्हणाली, "बोलले म्हणता? चाची माह्या बाजूलेच बसली होती. लग्न झाल्यापासून ते डबे पुसून राह्यली, पण त्यातला पिक्चर तिनं आज पहिल्यांदा पाह्यला. हे तुमच्या जबाबात आलं का?"