माळ बाहेर ठेवून

त्या आठवड्यात औंढ्याच्या नागनाथाशी माझं भांडण चालू होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला हिंगोलीजवळच्या गोरेगावला माझ्याकडे आलेली. सातव्याच महिन्यात रक्तदाब चढला, झटके आले. हिंगोलीला नेऊन सिझर करावं लागलं. मुलगी झाली, सव्वा किलोची. लेक एका अतिदक्षता विभागात बेशुद्ध, नात दुसऱ्या विभागात काचेच्या पेटीत. श्रावणी सोमवारी औंढ्याला जायचं मी आजवर कधी चुकवलं नव्हतं. देवाला स्पष्ट सांगितलं, लेक दे, बाकीचं मग बघू. नातीकडे मी नीट पाहिलंही नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

पाचव्या दिवशी नर्स बाहेर आली. "मावशी, लेकरू पेटीतून काढायजोगं झालं. त्याला अंगाची ऊब पाहिजे. आई न्हाई तर आजीची. आंघोळ करून या, अन् गळ्यातलं समदं काढा."

"माळ न्हाई काढायची मी."

"मग बसा माळ घेऊन बाहीर. तुमच्या नागनाथाला मी काई म्हणत न्हाई, पर त्या मण्यांत जंतू असतात."

रुद्राक्षांची माळ डब्यात ठेवली. नर्सनं मला पुढून उघडा गाऊन घालून आरामखुर्चीत बसवलं. टोपी अन् लंगोटातली ती पोर माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली, मान एका बाजूला वळवली, वरून कापड बांधलं. "एका बैठकीला तासभर तरी बसायचं. पाठीवर हात राहू द्या. श्वास थांबला वाटलं तर तळपायाला टिचकी मारा, अन् मला हाक."

माळेविना नाम घ्यायची मला सवय नव्हती. मग नातीच्या एकेका श्वासावर नाम घेऊ लागले. मागणं मात्र तेच, लेक वाचव.

तिसऱ्या दुपारी तशीच बसले होते. नर्स खुर्चीजवळ खाली बसली. "मावशी, हलू नका. ऐकून घ्या. ताई गेल्या."

मी उठायला लागले. लेकीजवळ जायचं होतं. कंबर उचलली आणि हाताखालचं नाम अडलं. पुढचा श्वास येईना. परत बसले, टिचकी मारली. पोरीला लावलेलं श्वास मोजायचं यंत्रही ओरडू लागलं. तिसऱ्या टिचकीला पोरीनं श्वास ओढला.

नर्सनं तिला तपासलं. म्हणाली, "जायचं असंल तर मी घेते हिला."

"न्हाई. तास होऊ द्या." लेकीपाशी जावई होता. रडले नाही, छाती हलली असती.

यंत्र होतं, नर्स होती. मी उठून गेले असते तरी पोर बहुधा वाचली असती. त्यावर मी वाद घालत नाही. मागितलं ते मिळालं नाही, ते का, तेही कळलेलं नाही. सगळं हातातून गेलं त्या घडीला हाताखाली एक काम ठेवलेलं होतं, एवढंच सांगते. त्या नर्सचं नाव रोज दिव्यापुढं घेते.

यंदा श्रावणात औंढ्याला गेले. काही मागितलं नाही. नात कडेवर होती, गळ्यातली माळ ओढत होती, म्हणून दोन्ही हात जुळेनात. एकच हात छातीशी धरला. त्याला तेवढं चालतं.