लिडियाच्या अल्बमचे रंग

राहात्याचे अँड्र्यू साळवे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. चिमूटभर साखर तळहातावर घ्यायची, नुसत्या नजरेने रंग सांगायचा आणि मग यंत्रावर ताडून बघायचा, यात त्यांची सगळी नोकरी सरली. यंत्राने त्यांना क्वचितच खोटं पाडलं. त्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांनी घरी फोटो छापायचा प्रिंटर आणला, तेव्हा रंगातलं आपल्याला कुणी काही सांगावं असं त्यांना वाटलंच नाही.

बायकोची गोष्ट मात्र वेगळी होती. स्क्रीनवरचा रंग जसाच्या तसा कागदावर उतरत नाही हे कळल्यावर साळव्यांनी खोलीतला पिवळा बल्ब काढून पांढरी ट्यूब लावली, स्क्रीनचा उजेड उतरवला, कागदाच्या पाकिटावर दिलेली सेटिंग प्रिंटरमध्ये घातली. फोटो वाळेपर्यंत त्याच्या रंगाबद्दल बोलायचं नाही असंही ठरवलं. तो वाळला की हाक मारायचे, "ग्रेस, जरा बघ गं." ग्रेस स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणून शेजारी बसायची. एकदा तर तिने अंगणातली बोगनवेल तोडून आणली, फोटोतल्या बोगनवेलीशेजारी धरली आणि म्हणाली, "अजून जरा लाल पाहिजे." साळव्यांनी लाल वाढवला.

लिडिया त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा साळव्यांनी जाहीर करून टाकलं की अल्बम घरीच छापायचा. त्यांच्या कॅमेऱ्यावर भाच्याने फोटो काढले. पण त्या सुमारास साळव्यांना सगळंच जरा पिवळट दिसायला लागलं होतं. चर्चची भिंत पिवळट, लिडियाची पांढरी साडीही पिवळट. भाच्याने कॅमेऱ्यात काहीतरी घोळ घातला असं धरून ते एकेका फोटोतला पिवळा काढत गेले आणि निळा वाढवत गेले.

पहिली पानं ग्रेसने दारापाशी उजेडात नेऊन बघितली.

"अहो, साडीला नीळ जास्त झाल्यासारखी वाटतीय. आणि पोरीचा चेहरा बघा, आजारी दिसतीय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" साळवे म्हणाले. "जन्मभर रंगच बघत आलोय मी."

"मला दिसलं ते सांगितलं."

"नको सांगूस. तू तुझं काम बघ."

ग्रेसने पानं टेबलावर ठेवली आणि खुर्ची उचलून परत स्वयंपाकघरात नेली. पुढे हाक मारली की ती दारातच उभी राहायची, "छान आलाय" म्हणायची आणि जायची. साळव्यांना ते बरंच वाटलं. काम झटपट व्हायला लागलं. कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना म्हणून दुरुस्त केलेले फोटो त्यांनी मूळ फोटोंवरच सेव्ह केले, आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुन्हा वापरायला घेतलं.

लिडिया पुण्याला. तिच्याकडे गेलं की अल्बम कायम कपाटात असायचा. "बाहेर धूळ बसते, पप्पा," ती म्हणायची. भिंतीवर मात्र कुणीतरी मोबाईलवर काढलेला लग्नातला एक फोटो लावलेला होता. साळव्यांना ते लागलं.

काही वर्षांनी संध्याकाळची गाडी चालवणं अवघड व्हायला लागलं, तेव्हा ते नगरला डोळे दाखवायला गेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि तो आजकालचा नाही. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर साळव्यांनी समोरची भिंत बघितली. पांढरी स्वच्छ. उजवा डोळा मिटून डाव्याने बघितली, तर तीच भिंत चहा सांडल्यासारखी. त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं.

अल्बमची जादा छापलेली पानं घरात होती. ती त्यांनी काढली. डाव्या डोळ्याला सगळं ठीक दिसत होतं. उजव्याला लिडियाचे ओठ जांभळे दिसले, चेहरा राखेसारखा, आणि साडी निळसर.

ग्रेस चहा घेऊन आली.

"तुला हे असं दिसत होतं?"

"व्हय."

"मग परत बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते की."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर साळव्यांना काहीतरी म्हणता आलं असतं.

त्यांनी पिवळा वाढवून बघितला. चेहरे थोडे माणसांत आले, पण साडीवरचं बारीक मोतिया नक्षीकाम पिवळा काढतानाच पुसलं गेलं होतं, ते काही केल्या परत येईना. त्यांनी लिडियाला फोन लावला.

"मला तेव्हाच दिसलं होतं, पप्पा," ती म्हणाली. "पण आई म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस, फार जीव लावून केलंय त्यांनी. राहू द्या आता."

साळव्यांनी नातेवाइकांकडून मोबाईलवरचे फोटो मागवले. जे आले ते मोठे केले की फुटायचे. एकच त्यातल्या त्यात बरा होता. ग्रेस वाकून लिडियाच्या डोक्यावरची जाळी नीट करतेय. तो त्यांनी पोस्टकार्डाएवढा छापला, वाळू दिला आणि अंगणात नेला. ग्रेस मेथी निवडत बसली होती.

"रंग कसा आलाय? खरं सांग."

तिने पदराला हात पुसले, फोटो घेतला, बघितला.

"छान आलाय."

"ग्रेस."

"अहो, छान आलाय म्हणते ना."

ती खरं बोलतेय की सवयीने, हे त्यांना ओळखता येईना. मग फोटो खिशात ठेवून ते तिच्यासमोर बसले आणि मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढून घेतली.