आधी काय दळलंय?

गणिताच्या तासाला फलन, म्हणजे फंक्शन, शिकवताना मी दरवर्षी पिठाच्या गिरणीचं उदाहरण देते. गिरणीत ओलं धान्य चालत नाही, खडे चालत नाहीत. पण चालणारं काही टाकलं, की ज्याचं त्याचं पीठ मिळतं. गव्हाचं गव्हाचंच, दर वेळी.

आज गिरणीत माझ्यामागे उपासाची भगर घेऊन एक बाई उभ्या होत्या. माझे गहू दळून झाल्यावर त्यांनी डबा पुढे केला नाही. आधी विचारलं, "आत्ता काय दळलंत?"

"गहू. जरा थांबा मावशी," गिरणीवाला म्हणाला. "आतलं निघू दे, नाहीतर तुमच्या भगरीत उतरेल."

इतकी वर्षं गिरणीत येते, पण वर्गात हे कधी सांगितलं नाही. आत आधीचं उरलेलं असतं आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. बिचाऱ्या पुढच्याने काहीही निवडून आणलेलं असो.

घरी आले तर मुलगी दारातच थांबलेली.

"आई, बाबांना सहलीचं विचारायचंय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आज ऑफिसात काही झालंय का त्यांचं?"

आत कपाटाचं दार धाडकन आपटलं.

पिठाचा गरम डबा पोटाशी धरून मी म्हणाले, "जरा थांब, बाळा."