पाणी कोण भरते?

शांते, भातकुलीहून मी निघाले त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी निम्मी वस्ती उभी होती. आपण बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पोरगी अकोल्याला नर्स व्हायला चालली म्हणून बाबांची मान ताठ. शेजारच्या काकूंनी मायला विचारलं, लेक चालली, जीव कसा होते वं? मायनं तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “तिले काय होते? लय खुश हाये ते.”

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. अकोल्याच्या वॉर्डात मात्र अशी दुसऱ्यानंच दिलेली उत्तरं ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. खाटेवर सून, उत्तर देणार सासू. दुखतं का? “नाई दुखत.” भूक लागते का? “लागते ना.” अहो, पोट कोणाचं, बोलतं कोण! आणि सासू बाजूला केली तरी ती बाई आपली “बरं हाये” म्हणून पदर तोंडाशी धरणार. मग रिपोर्टात लिहायचं, तक्रार नाही. एकदा मी एकीचे शब्द जसेच्या तसे उतरवले, ‘पोटात जातं फिरल्यासारखं होते’. आमच्या पुण्याकडच्या सिस्टरनी त्यावर लाल पेन्सिल मारली. “तक्रार लिहा, कीर्तन नको,” म्हणाल्या. वर माझ्या बोलण्याला हसल्या, ते वेगळंच.

माझ्यामागे नर्सिंगला आलेल्या पोरींना मी सांगत असते, पोरींनो, तुम्हीही ही लाल पेन्सिल खाल्ली असेल. चिडून चिडून मी एक गोष्ट शिकले, ती ऐका. सासूला चहा आणायला पाठवायचं, खाटेजवळ बसायचं आणि दुखण्याचं नावच काढायचं नाही. घरी पाणी कोण भरतं, एवढंच विचारायचं. विहीर किती लांब, घागर कशी उचलते, हे सांगता सांगता बाई स्वतःच दुखण्यावर येते. लाल पेन्सिल चालू राहिली, मीही लिहीत राहिले.

तिसऱ्या वर्षी बाबा मायला घेऊन दवाखान्यात आले. अशक्तपणा आहे म्हणे. डॉक्टर मायला विचारत होते आणि बाबा उत्तरं देत होते. झोप? “लागते.” काम होतं का? “सारं करते, बैलासारखं.” मी युनिफॉर्म घालून शेजारी उभी, आणि संतापानं माझे कान तापलेले. बाबांना केसपेपर आणायला पिटाळलं आणि मायजवळ बसले.

“पाणी कोण भरते, माय?”

“मीच. पण एका हातानं लुगडं दाबून धरा लागते.”

“काहून?”

तिनं पदर तोंडाशी धरला. “अंग बाहेर येते, बाई.”

गर्भाशय खाली सरकलेलं. आपल्या धाकट्या भावाच्या बाळंतपणापासून, म्हणजे आठ-नऊ वर्षं. तसंच ती निंदायला गेली, वेचणीला गेली, ओझी वाहिली. मी रागानं रडायलाच लागले. म्हटलं, मी नर्सिंग शिकून राहिली अन् मलेच काहून नाई सांगतलं?

“तू सुट्टीत आली का तुह्या पेशंटायचंच सांगत जाय,” माय म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “मले बरं वाटे. मी आयकत होती.”

ऑपरेशन नीट झालं, माय आता बरी आहे, हे तुला ठाऊकच आहे. पण माझा राग गेला नाही, फक्त कोणावर काढायचा ते कळेना. बाबांवर काढावा तर मी कोण मोठी? परक्या बायकांचं दुखणं मी खाटेजवळ बसून काढून घेत होते, आणि मायच्या हातची भाकर खाताना माझंच तोंड चालू होतं. तू तर तिच्या शेजारी निजायचीस, शांते. तुलाही माहीत नव्हतं.

लोक विचारतात, भातकुलीची आठवण येत नाही का. येते. पण घर म्हटलं की मला आता ती जागा दिसते, जिथं कोणी कोणाला काही विचारत नाही, कारण सगळ्यांना वाटतं आपल्याला माहीतच आहे. मी दिवाळीला येते आहे. या वेळी माझ्या पेशंटांचं काही सांगणार नाही. मायला बोलू द्या, आणि बाबांनी मध्ये तोंड घातलं तर त्यांना तू सांभाळ.