सगळं थोडं थोडं येणारी ओडिला

लवॉन हॅन्के अमेरिकेतल्या आमच्या टॅमरॅक गावात शाळेची बस चालवते. तिच्या सीटमागे दुधाच्या बाटल्यांचा एक जुना क्रेट बांधलेला असतो आणि त्यात काय नाही ते विचारा. जास्तीचे हातमोजे, चिकटपट्टी, बॅटरी जोडायच्या तारा, उलटीच्या पिशव्या, आणि एखाद्या पोराचा वाढदिवस घरचे विसरले तर लावायला मेणबत्त्या. हिवाळ्यात पोराला घरासमोर उतरवलं की ते आत जाऊन दार लागेपर्यंत ती बस हलवत नाही. मागे गाड्यांची रांग लागते, लोक वैतागतात, मीही वैतागले आहे. लवॉन आरशात बघून हात हलवते आणि तिथेच थांबते.

तिने आयुष्यात बरंच काही शिकायला घेतलं. नर्सिंगचं पहिलं वर्ष केलं, मग आई आजारी पडली आणि राहिलं. वेल्डिंग शिकली, पण फक्त सरळ रेषेत. चर्चमधला ऑर्गन तिला हातांनी वाजवता येतो, पायांनी वाजवायचे खर्जाचे सूर मात्र नाही, त्यामुळे खरा वाजवणारा गावाला गेला की आमची प्रार्थना जरा हलकी वाजते. तिचा थोरला भाऊ डेलमर म्हणतो, "आमच्या लवॉनला सगळं येतं, फक्त शेवटपर्यंत काही येत नाही." लवॉन हसते. मला मात्र हे वाक्य कधीच आवडलं नाही.

मी गावातल्या औषधांच्या दुकानात काम करते. माझं नाव हेमांगी, इथे सगळे हेम म्हणतात. इथे राहून इतकी वर्षं झाली की आता मीही बर्फाबद्दल तक्रार करत नाही, फक्त गुडघ्यापर्यंत होता की कमरेपर्यंत ते सांगते.

शनिवारी दुपारी आम्ही लवॉनच्या तळघरात फाशांचा खेळ खेळतो. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली रेनाटा कोल्बे गोष्ट सांगते. आम्ही आपापल्या पात्राने काय केलं ते सांगतो आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. रेनाटा फासे सगळ्यांसमोर टाकते आणि कोणाची गय करत नाही. माझं पात्र कुऱ्हाड चालवतं. विचार करायला मला दुकानात भरपूर मिळतं, शनिवारी फक्त कुऱ्हाड हवी असते.

या टेबलाचे दोन रिवाज मी येण्याआधीपासूनचे आहेत. एक, दुसऱ्याचं पात्र तपासायचं नाही. कोणाच्या घरी जाऊन फ्रिज उघडून बघतो का आपण? दुसरा, ज्याचं पात्र मेलं त्याने ते जिवंत होईपर्यंत, किंवा नवं बनवेपर्यंत, सगळ्यांच्या खाण्याचं बघायचं.

डेलमरवर ती पाळी कधीच आली नव्हती. त्याचा ब्राम नावाचा चोर त्याने तरुणपणी बनवलेला, चीजच्या कारखान्यात लागला त्या सुमाराचा. कारखाना सुटला, बायको गेली, ब्राम राहिला. गेल्या वर्षी डेलमरला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. आठवडाभर तो खिडकीशी बसतो. शनिवारी दाढी करतो आणि बहिणीच्या गाडीत बसून येतो. उजव्या हाताने फासे कॉफीच्या कपात टाकून असे खडखडवतो की वरच्या मजल्यावरची मांजर पळते.

"ब्राम मेला की मी सुटलो," तो एकदा सहज म्हणाला. "नवं पात्र, नवे आकडे, या डोक्यात आता काही शिरत नाही. मग मी आपला घरी बरा."

त्या दिवशी त्याला सोडून परत येताना लवॉनने गाडी हळू केली. मग म्हणाली, "हेम, तो इथे यायचा थांबला तर परत कुठेच जाणार नाही."

"ब्राम मरतोय कशाला?" मी म्हटलं.

"आपल्यात वैद्य आहे का कोणी?"

नव्हता. आमचा वैद्य ॲरिझोनाला राहायला गेला होता, जादूगार लग्न करून मिलवॉकीला, आणि गवई आमच्याच चर्चच्या मागे पुरलेला. सहा जणांच्या गोष्टीत आम्ही तिघं उरलो होतो: एक चोर, एक कुऱ्हाड आणि लवॉनची तिरंदाज. समोरून येणारी संकटं मात्र सहा जणांच्या मापाचीच होती.

पुढच्या शनिवारी लवॉनने सफरचंदाच्या वड्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि रेनाटाला म्हणाली, "माझी तिरंदाज निवृत्त होतेय. मला नवी बाई बनवायचीय. बरं करणारी, जाळणारी आणि गोड बोलून काम काढणारी."

"या तीन बायका झाल्या," रेनाटा म्हणाली.

"एकीतच बसवायच्या आहेत."

रेनाटाने चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हा प्रत्येकाच्या नऊ लेव्हल आहेत, म्हणजे शिकण्याच्या नऊ पायऱ्या. त्या एकाच पेशात घाल, नाहीतर वाटून घाल. एकात घातल्या तर त्यातलं मोठं काहीतरी येईल. वाटून घातल्या तर सगळं थोडं थोडं."

"मला सगळं थोडं थोडंच येतं," लवॉन म्हणाली. "सवय आहे."

मग जे सुरू झालं त्याने मला वेड लागायची पाळी आली. नियमांचं जाडजूड पुस्तक बसच्या क्रेटमध्ये गेलं. शाळा सुटायची वाट बघत ती ते वाचायची आणि शंका आली की परत जाताना दुकानात शिरायची. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत उभी राहून मला विचारायची, "हेम, चिलखत घालून आगीचा गोळा टाकता येईल का गं? हात अडकतील का?"

"मला काय विचारतेस? माझ्याकडे कुऱ्हाड आहे."

"आणि गाणं चालू असताना जखम बांधता येते, की गाणं थांबवावं लागतं?"

पुढचा म्हातारा वळून म्हणायचा, "थांबवावं लागत असणार." आणि तिथे वाद जुंपायचा.

मी कपाळाला हात लावायचे, पण खरं सांगायचं तर मलाही चैन पडेना. घरी जाऊन मी माझ्या प्रतीत तीच पानं उघडायचे. पुजारणीला ढाल चालते, म्हणजे जादूगारणीचाही जीव वाचतो. गवयाच्या दोनच लेव्हल घेतल्या तरी अंगात नसलेल्या प्रत्येक कामात थोडी थोडी गती येते, कुलूप उघडण्यापासून होडी वल्हवण्यापर्यंत. हे वाचलं आणि मला हसूच आलं. ही तर लवॉनच झाली.

शेवटी ओडिला तयार झाली: चार लेव्हल पुजारीण, तीन लेव्हल जादूगारीण, दोन लेव्हल गवई. काही मंत्र निवडताना आम्ही सगळे होतो. जखमा भरायचा, अदृश्य व्हायचा, कुत्र्यांना झोपवायचा. मग लवॉनने एक असा मंत्र घेतला की डेलमरच्या तोंडातली कॉफी नाकात गेली.

"प्रेत ताजं ठेवायचा मंत्र? दहा दिवस?" तो म्हणाला. "लवॉन, आपण खाटकाचं दुकान काढतोय का?"

"हा कोणीच घेत नाही," रेनाटाही म्हणाली. "इतकी वर्षं झाली, या टेबलावर कोणी घेतला नाही."

"म्हणूनच घेतला," लवॉन म्हणाली. "वाटेत कोणाला बर्फात टाकून यायचं नसतं."

डेलमर दुपारभर तिला खाटकीण म्हणत होता. तिला राग आला नाही. तो इतका हसताना आम्ही बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

ओडिला झकास निघाली. पहाऱ्यावरच्या सैनिकांना तिने गाऊन पेंगायला लावलं, पूल जाळला, माझी मोडलेली बरगडी जोडली. डेलमर धीट होत गेला. आधी दारं तपासून तपासून उघडणारा ब्राम आता लाथ मारून उघडायला लागला. डोंगरापलीकडच्या देवळातला हिराही त्याने असाच उचलला. भावाचं हे रूप बघून लवॉन फुलून जायची आणि आणखी वड्या करायची.

मग तो शनिवार आला. वाटेत एक राक्षस झोपला होता आणि पुढच्या दाराची किल्ली त्याच्या गळ्यात. ती काढायची म्हणजे छातीवर चढणं आलं.

डेलमरने कप हातात घेतला आणि थांबला. "लवॉन, हा उठला तर मी संपलो."

"जा तू. मेलास तर उठवते. मेल्या मेल्या लगेच उठवायचा मंत्र असतो, आणि तो टाकायची ताकद ओडिलाकडे आहे. तक्त्यात बघितलंय मी."

"नक्की?"

"नक्की."

त्याने कप खडखडवला आणि पालथा घातला. फाशावर सर्वांत लहान आकडा आला. राक्षस उठला. रेनाटाने आपले फासे सगळ्यांसमोर टाकले. ब्राम राहिला नव्हता.

"उठवते," लवॉन लगेच म्हणाली.

रेनाटाने फासे बाजूला सारले. तिने पुस्तक उघडलं, एक पान बघितलं, पुन्हा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "लवॉन, ताकद आहे तुझ्याकडे. तिन्ही पेशांची ताकद एकत्र मोजतात. पण मंत्र एकत्र शिकवत नाहीत. ते त्या त्या पेशात जितकं शिकलीस तितकेच. हा मंत्र पुजारणीला पाचव्या लेव्हलला येतो."

ओडिला चौथ्या लेव्हलची पुजारीण होती. लवॉनने ताकदीचा तक्ता वाचला होता आणि पुढचं पान वाचलं नव्हतं. मीही तेच पुस्तक वाचलं होतं, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्याचं पात्र तपासायचं नाही, म्हणून रेनाटाने कधी पाहिलं नव्हतं.

लवॉनने पुस्तक स्वतःकडे ओढून ते पान वाचलं. डेलमर तिच्याकडे बघत होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"परत एक पायरी कमी पडली, लवॉन," तो म्हणाला.

रेनाटाने पुस्तक मिटलं. "हे बघा, यावेळी मी म्हणते की तिला तो मंत्र येतो. गोष्ट माझी आहे."

"नाही," डेलमर म्हणाला. "माझ्यासाठी नियम वाकवायचा नाही. लोकांची दया मी वर्षभर खाल्ली आहे, पोट भरलं माझं." तो उठला आणि एका हाताने खुर्चीवरचा कोट ओढायला लागला. बाही सापडेना. मदतीला उठावं की नाही तेही आम्हाला कळेना.

लवॉन खाली मान घालून बसली होती. मला वाटलं रडतेय. ती ओडिलाच्या कागदावर बोट फिरवत होती, क्रेटमध्ये हात घालून काहीतरी शोधावं तशी.

"रेनाटा," ती म्हणाली, "प्रेत ताजं ठेवायचा मंत्र जादूगारणीचा. तो तर येतो ना मला?"

"येतो."

"नियमाप्रमाणे?"

रेनाटाने चष्मा लावला, पान काढलं आणि बोट ठेवून नीट वाचलं. "नियमाप्रमाणे. मेलेल्याला ठरावीक दिवसांतच उठवता येतं, पण त्या मंत्राखालचे दिवस त्यात धरत नाहीत."

"डोंगरापलीकडच्या देवळात मोठी पुजारीण आहे. ती उठवते मेलेल्यांना."

"उठवते. पण तिला हिरा लागतो."

"हिरा ब्रामच्या खिशात आहे," मी ओरडले. "त्याच देवळातून चोरलेला!"

रेनाटाने हसू दाबलं. "देऊळ लांब आहे. मधे लांडगे आहेत, आणि राक्षस अजून जागा आहे. तुम्ही दोघीच. एक प्रेत खांद्यावर. पोचाल याची खात्री मी देत नाही."

"देऊ नकोस," लवॉन म्हणाली. "हेम, पाय धर त्याचे."

माझ्या कुऱ्हाडवाल्याने ब्रामचे पाय धरले. डेलमर अर्धा कोट घालून जिन्यापाशी उभा होता. आम्ही राक्षसाच्या हातून निसटेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "मला घरी सोड." उतरताना बहिणीने विचारलं, "पुढच्या शनिवारी?" त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

त्या आठवड्यात लवॉन दुकानात आली नाही. बस मात्र मी रोज बघत होते, प्रत्येक दारासमोर थांबलेली.

शनिवारी ती मला घ्यायला आली आणि आम्ही डेलमरच्या घरासमोर जाऊन थांबलो. तिने हॉर्न वाजवला नाही. खिडकीतली त्याची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं झोपला असेल, किंवा मुद्दामच आत जाऊन बसला असेल.

"मी बघून येऊ का?" मी विचारलं.

"नाही."

"अगं, तो येणार नसेल तर—"

"दार उघडेपर्यंत थांबायचं," ती म्हणाली. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मागून बर्फ सारणारी गाडी आली, तिने दिवे मारले. लवॉनने आरशात बघून हात हलवला.

शेवटी दार उघडलं. डेलमर पाठमोरा बाहेर आला, कोपराने दार ढकलत. उजव्या हातात ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकलेलं मोठं भांडं होतं आणि दाढी केल्यावर कानापाशी थोडा साबण राहिला होता. दार ओढायला हात मोकळा नव्हता. त्याने ते पायाने ओढलं, एकदा फसलं, दुसऱ्यांदा लागलं. मी माझं दार उघडायला गेले तर लवॉनने माझी बाही धरून ठेवली. पायऱ्या तो एकेक करून उतरला. लवॉन बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

तो मागच्या सीटवर बसला आणि भांडं मांडीवर घेतलं. गाडीभर भाजलेल्या बटाट्याचा आणि जरा करपल्याचा वास पसरला.

"मेलेल्याने खाणं आणायचं म्हणतात," तो म्हणाला. "खाली लागलंय. कोणी बोलायचं नाही." मग खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, "काय गं खाटकीण, कसा आहे मी?"

लवॉनने गाडी सुरू केली.

"ताजा आहेस," ती म्हणाली.